डावी बाजू

पोलीस चार वाजता येणार होते. बारा वाजून गेले तरी डोंगरवारांच्या घरात सकाळच्या चहानंतर कुणाच्या पोटात काही गेलं नव्हतं. दीपमालानं भात उतरवून ठेवला होता, वरणाला फोडणी दिली होती, पण ओसरीत जाऊन 'जेवायला चला' म्हणायचा तिला धीर होत नव्हता. धाकटी सून ती. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ती नुसती ऐकत होती.

ओसरीतल्या एकुलत्या खुर्चीवर तिचा थोरला दीर राजकुमार बसला होता. लाखांदूरची राईस मिल माणसांवर टाकून तो नऊ वाजताच आला होता. नणंद रक्षा नागपूरहून तासाभरापूर्वी पोहोचली होती आणि तिनं पर्स अजून खांद्यावरून उतरवली नव्हती. सासूबाई देवकाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. चौकटीला पाठ लावून दीपमालाचा नवरा पिंटू उभा होता. एसटीचा ड्रायव्हर. आज त्याची साप्ताहिक सुट्टी होती, आणि घरातल्या सगळ्या बोलण्याचा रोख याच सुट्टीवर येऊन थांबला होता.

ज्यांच्यापायी हे सगळे जमले ते सासरे, ताराचंद, तिथं नव्हते. अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आपल्या जुन्या कॉन्टेसा गाडीपाशी, ते सकाळपासून स्टुलावर बसून होते.

येत्या रविवारी नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. ताराचंद दरवर्षी तिथं कॉन्टेसा घेऊन जात. आज सकाळी साडेसातला महामार्गावरच्या पंपावर पेट्रोल भरून, चाकांत हवा मारून ते परत येत होते. घराच्या रस्त्यासाठी डावीकडे वळले आणि त्याच बाजूनं सायकलवर येणाऱ्या गोमाजीला गाडीनं आडवं पाडलं. वेग फार नव्हता. पण गोमाजी सत्तरीला आलेला माणूस. मांडीचं हाड दोन जागी मोडलं. त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं.

गोमाजी ताराचंदांचा चाळीस वर्षांचा मित्र. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यावर ताराचंदांनी भंडाऱ्याजवळ शहापूरला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा गोमाजीही मागोमाग इथंच राहायला आला. ही कॉन्टेसा त्यांना सापडली ती धरणाच्या कामावरच्या एका ठेकेदारानं झुडपात टाकून दिलेली. तळाच्या पत्र्यातून बाभळीचं झाड वर आलं होतं. तिला उभी करायला दोघांना सहा वर्षं लागली. इंजिन ताराचंदांनी बसवलं, पत्रा गोमाजीनं ठोकला. पाणी भरायचे पितळेचे गुंड घडवणारा कारागीर तो. गुंडाच्या पोटाला गोलाई देणाऱ्या हातोडीनंच त्यानं गाडीचं डावं मडगार्ड अख्खं नवं घडवलं होतं. आज सकाळी तेच मडगार्ड त्याच्या मांडीवर आलं.

"सरळ गोष्ट आहे," राजकुमार म्हणाला. "गाडी पिंटू चालवत होता. बस्स."

पिंटूनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"बाबाचं लायसन संपून दीड वर्ष झालं. बिना लायसनचा बाहत्तर वर्षांचा मानूस गाडी चालवत होता, असं कागदावर आलं तं विमेवाला हात वर करते. मंग गोमाकाकाच्या पायाचं कोन पाहीन? पिंटूजवळ लायसन आहे, सुट्टी होती, घरीच होता. कोनी पाह्यलं नाई. मी सकाळीच दवाखान्यात गोमाकाकाले विचारलं. ते म्हनाले, 'ताराचंदचं नाव नोको घेऊ बाबू, तुमी जे म्हनसान ते मी म्हनतो.' अजून काय पाह्यजे?"

"आणि पिंटूची नोकरी?" रक्षानं विचारलं. "एसटीच्या ड्रायव्हरच्या नावावर अपघाताची केस? कळतंय का दादा तुला?"

"सुट्टीच्या दिवशीचा, घरच्या गाडीचा अपघात आहे. होते मागंपुढं काही दिवस."

"काही दिवस! परमनंट होऊन त्याला वर्ष नाही झालं."

"मंग तू सांग ना उपाय. नागपुरातून येऊन नुसतं काहून काहून करून राहिली."

देवकाबाईंनी पदराच्या टोकानं तोंड पुसलं. "पिंटू तरना आहे," त्या म्हणाल्या. "त्याले काई होत नाई. यायले ठान्यात बसवलं तं हे वापस येनार नाईत. मी वळखतो यायले."

ते वाक्य दीपमालाच्या छातीत बसलं. लग्नाला सात वर्षं झाली होती. सासूबाईंचा या मुलावर जीव नव्हता असं नाही, पण घरावर ओझं आलं की ते आधी पिंटूच्या खांद्यावर ठेवायची या घराला सवय होती, आणि पिंटूलाही ते उचलायची. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो काय म्हणणार ते तिला ठाऊक होतं.

"होऊ द्या," पिंटू म्हणाला. "मी सांगतो पोलिसाले. बाबासाठी एवढं तं होते माह्याच्यानं."

त्याच्या आवाजात एक विचित्र समाधान होतं, आणि त्याचंच दीपमालाला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. ज्या गाडीच्या स्टीअरिंगला बापानं त्याला आजवर हात लावू दिला नव्हता, तिथं आज सगळं घर त्याला बसवत होतं. तेही फक्त कागदावर. पन्नास माणसं घेऊन साकोली-तुमसर करणारा हा ड्रायव्हर, पण कॉन्टेसा अंगणातून शेडमध्ये घालायची तरी ताराचंद म्हणायचे, "राहू दे, तू एसटीवानी हाकशीन."

"रक्षाताई बरोबर सांगतात," दीपमाला दारातून म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

राजकुमारनं तिच्याकडे पाहिलं. "तुमी नोको बोलू यात, बाई. घरच्या मानसाईचं चालू आहे."

"मग ती कोण आहे?" रक्षा एकदम म्हणाली. "तिच्या नवऱ्याचं नाव घालताय ना त्या कागदात? बोल दीपा, तू बोल."

पण दीपमालाला तेवढ्यावर बोलता येईना. जे सांगायचं होतं ते रक्षाच्या आधारानं सांगण्यासारखं नव्हतं; ते सांगितल्यावर हा आधार उरणार नव्हता, हेही तिला कळत होतं. ती वळली आणि आतल्या खोलीत गेली.

आतल्या खोलीत काचेचं मोठं शोकेस होतं. त्यात साठ-पासष्ट लहान गाड्या. वीतभर लांबीच्या, दारं उघडणाऱ्या, बॉनेट उचललं की खाली इंजिन दिसणाऱ्या. अमेरिकन मस्टँग, कॅमारो, चार्जर, लांब नाकाची जॅग्वार. बहुतेक रक्षानं आणून दिलेल्या. वरच्या फळीवर गोमाजीनं पितळेच्या पत्र्यातून घडवलेल्या नऊ गाड्या होत्या. रद्दीतल्या मासिकांमधले फोटो पाहून त्यानं त्या केलेल्या. मस्टँगच्या फोटोत मागची बाजू दिसत नव्हती, म्हणून मागचे दिवे त्यानं अँबेसिडरचे बसवले होते, आणि ताराचंद आल्यागेल्याला ते दिवे मुद्दाम दाखवायचे.

लग्न होऊन आली तेव्हा दीपमालाला या घरात कोणी काही विचारत नसे. शोकेस पुसायचं काम तिच्याकडे आलं. एक दिवस पुसून झाल्यावर तिनं एक गाडी वेगळ्याच रांगेत ठेवली. ताराचंदांनी विचारलं, "ही इकडं काहून ठेवली, माय?" ती घाबरत म्हणाली, "याचं तोंड या दुसऱ्या गाडीसारखं दिसते मामाजी, म्हनून वाटलं एकाच घरची असन." सासऱ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "एकाच कंपनीची आहे," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते तिला सांगू लागले. आठ पिस्टन दोन रांगांत कसे बसतात, मागच्या चाकांना ताकद दिली की गाडी वळणावर शेपूट का टाकते, कॉन्टेसाचं नाक एवढं लांब कशासाठी. भांडी घासता घासता ती शेडमधला आवाज ऐकून ओळखायची की आज इंजिनचं टायमिंग थोडं पुढं गेलंय. बारावी सायन्सपर्यंत शिकलेल्या मुलीशी या घरात कोणी माणूस म्हणून पहिल्यांदा बोललं ते त्या गाड्यांवरून.

म्हणूनच तीन महिन्यांपूर्वी ताराचंदांनी तिलाच सोबत नेलं होतं. "देवकाले सांगू नोको. दुकानाचं सामान घ्याले भंडाऱ्याले जातो म्हन." डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना एका यंत्रासमोर बसवलं, ठिपके दाखवले. मग कागदावर डोळ्याचं गोल चित्र काढून डावीकडचा भाग पेनानं काळा केला. काचबिंदू. समोरचं दिसत होतं, पण डाव्या बाजूचं गेलं होतं, आणि गेलेलं परत येत नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी आजपासून बंद.

बाहेर आल्यावर ताराचंद रसवंतीच्या बाकावर बसले. मग म्हणाले, "नागपूरचा मेळावा होऊ दे. मंग मी सोताच किल्ली ठेवून देतो. तवालोक कोनाले सांगू नोको. या खेपेले तुले सामनेच्या सीटवर बसवून नेतो. रायपूरचा कोनी मस्टँग आनून राहिला म्हन्ते. खरी. पाह्यशीन ना?"

ती हो म्हणाली होती. सासऱ्याच्या शब्दाखातर गप्प राहिले, असं ती आज सकाळपासून स्वतःला सांगत होती. पण तिलाही ती मस्टँग पाहायची होती. तिलाही पुढच्या सीटवर बसायचं होतं.

कपाटातल्या फाइलीतून तिनं तो कागद काढला आणि ओसरीत आली. कोणाच्या हातात द्यावा ते कळेना, म्हणून तिनं तो देवकाबाईंच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला.

"मामाजीले डाव्या बाजूचं दिसत नाई," ती म्हणाली. "तीन महिने झाले. डॉक्टरनं गाडी बंद सांगतली होती. मी सोबत होती."

रक्षानं वाकून कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"तीन महिने? आणि तू त्यांना महामार्गावर जाऊ दिलंस? फोन करता आला नाही मला एक?"

"मामाजीनं शब्द घेतला होता, ताई."

"शब्द!" रक्षानं कागद तिच्यासमोर धरला. "गोमाकाकांच्या जागी शाळेचं पोर असतं तर? बोल ना."

सकाळपासून दीपमालानंही स्वतःला हेच विचारलं होतं. पिंटू तिच्याकडे असा पाहत होता जसा कोणी ओळखीच्या घरात चुकीच्या दारानं शिरल्यावर पाहतो.

"मलेबी नाई सांगतलं तू?" तो हळूच म्हणाला.

राजकुमार उठून उभा राहिला. त्याचा आवाज आता अगदी खाली आला होता. "पाहा, हा कागद पोलिसाले दिसला तं मामला अजून बिघडते. माहीत असून चालवली, असं होते. म्हनून मी म्हनतो, कागद फाडा. आता तं पिंटूचंच नाव पाह्यजे."

घडीभरापूर्वी भावावर तुटून पडलेली रक्षा आता खिडकीकडे पाहत होती. दीपमालाच्या लक्षात आलं, ती मनातल्या मनात हो म्हणत होती. बापाला वाचवायचं तर आता तिलाही दुसरी वाट दिसत नव्हती.

"आत्याबाई," दीपमालानं सासूकडे पाहिलं. "तुमी सांगा."

देवकाबाईंनी कागदाकडे पाहिलंही नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं. "डाव्या बाजूले ताटात भाजी ठेवली तं खात नाईत हे," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "मले वाटे, नाराज आहेत. दोन महिने मी भाजी बदलून पाह्यली."

तेवढ्यात अंगणात चपलांचा आवाज झाला.

ताराचंद दारात उभे होते. ते कधीपासून ऐकत होते ते कोणाला कळलं नाही. अंगात सकाळचाच मळका सदरा, हाताला पॉलिशचा पांढरा डाग. त्यांनी ओसरीत पाऊल टाकलं आणि डावीकडच्या खुर्चीला त्यांची मांडी आपटली. नेहमी ते 'ही मधात कोनं ठेवली' म्हणून ओरडले असते. आज त्यांनी हातानं चाचपून खुर्चीची पाठ धरली आणि सगळ्यांसमोर तिला वळसा घालून पुढं आले.

"सूनबाईले काहून बोलून राहिले?" ते म्हणाले. "तिनं सांगतलं असतं तं मी तिच्याशी बोलनं बंद केलं असतं. हे तिले माहीत होतं. म्याच तिले तसं बांधून ठेवलं होतं."

"बाबा, तुम्ही बसा आधी," रक्षा म्हणाली.

"बसतो ना. चार वाजता बसतो, हवालदारासमोर." त्यांनी पिंटूकडे मान वळवली. नीट पाहण्यासाठी पूर्ण मान वळवावी लागत होती, आता ते सगळ्यांना दिसलं. "तू काय म्हनत होता? तू चालवत होता?"

"बाबा, मी तयार आहो. तुमी कायले..."

"पंधरा वर्सं तू त्या गाडीभोवती फिरला. एक दिवस किल्ली नाई देल्ली म्या तुले. आन् आता गुन्हा तेवढा तुले देऊ?"

पिंटूनं चौकटीकडे तोंड फिरवलं आणि तो तसाच उभा राहिला.

"बाबा, विम्याचं काय?" राजकुमार म्हणाला. त्याच्या आवाजातली धार गेली होती. "मी काई दुश्मन नाई तुमचा. कोर्टात तारखा लागतीन. या वयात."

"लागू दे. गोम्याच्या पायाचं आपन पाहू. दुकान आहे, शेत आहे."

"मी पाहतो ते," राजकुमार चिडल्यासारखा म्हणाला. "दुकान नोको विकू आता. मी पाहतो."

दीपमालानं भात वाढला. सगळे जेवायला बसले, आणि देवकाबाईंनी नवऱ्याच्या ताटातली भाजी डावीकडून उचलून उजवीकडे वाढली.

हवालदार सव्वाचारला आला. वयानं पिंटूएवढाच असेल. शेडमध्ये जाऊन त्यानं गाडी पाहिली, मडगार्डचा पोचा पाहिला, आणि मग क्षणभर काम विसरून म्हणाला, "काका, ही कॉन्टेसा ना? माह्या मामाच्या गावच्या सावकाराजवळ होती. खरी गाडी तं हेच."

"हो," ताराचंद म्हणाले. एरवी ते या वाक्यावर तासभर बोलले असते.

अंगणातल्या खाटेवर बसून त्यांनी जबाब दिला. नाव, वय, पत्ता. गाडी कोण चालवत होतं? मी. लायसन? संपलेलं. समोरचा माणूस दिसला नाही का?

"नाई दिसला. मले डाव्या बाजूचं दिसत नाई."

हवालदाराचं पेन थांबलं. "हे तुमाले आधीपासून माहीत होतं?"

राजकुमार एक पाऊल पुढं आला. ताराचंदांनी कागद पुढं केला. "तीन महिन्यापासून. हे घ्या."

"मलेही माहीत होतं," दीपमाला म्हणाली.

हवालदारानं तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "तुमचं कोनी विचारलं नाई, बाई," तो म्हणाला आणि त्यानं ते लिहिलं नाही. ते न लिहिल्यानं सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला तसं वाटलं नाही.

गाडी तपासणीसाठी ठाण्यात न्यावी लागणार होती. लायसनवाला कोणी आहे का, हवालदारानं विचारलं. ताराचंदांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली, ती तळहातावर ठेवून काही क्षण पाहिली आणि पिंटूच्या हातात दिली.

"चोक अर्धाच ओढ. उनानं गरम आहे ते. आन् दुसऱ्यात टाकताना घाई नोको करू, तिले आवडत नाई."

"हो बाबा."

ताराचंद पुढच्या डाव्या सीटवर बसले. दीपमाला मागं बसली. इंजिन सुरू झालं तेव्हा ताराचंदांनी डोळे मिटले. सगळा रस्ता त्यांनी ते उघडले नाहीत. पिंटूनं पहिल्यांदा गिअर बदलला, दुसऱ्यांदा बदलला, महामार्गावर गाडी सरळ धावू लागली, आणि आरशात दीपमालाला नवऱ्याचा चेहरा दिसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात स्टीअरिंगवर एकदम स्थिर होते. एसटीत बसतो तसा तो ताठ बसला होता.

"चांगली चालवतं तू," ताराचंद डोळे न उघडता म्हणाले.

ठाण्याच्या आवारात कडक ऊन होतं. भिंतीलगत जप्त केलेल्या मोटारसायकली गंजत उभ्या होत्या. पिंटूनं तिथंच एका जागी गाडी लावली. ताराचंद उतरले आणि हवालदाराला म्हणाले, "साहेब, सावलीत..." मग थांबले. बॉनेटवर हात ठेवून ते उभे राहिले. "राहू द्या. जिथं असन तिथं राहू द्या."

तिथून दवाखाना जवळ होता. राजकुमार आपल्या गाडीतून रक्षाला आणि आईला घेऊन पुढं पोहोचला होता. वॉर्डाच्या दाराशी गोमाजीची बायको चंद्रभागाबाई बाकावर बसली होती. ताराचंदांना पाहून ती उठली नाही.

"पोलिसाले काय सांगतलं?" तिनं विचारलं.

"खरं सांगतलं, वहिनी."

"सकाळी राजकुमार आला होता. म्हने, काकू, पिंटूचं नाव सांगा. मी म्हटलं, सांगीन. मले काय, कोनी का असो ना. पाय यायचाच मोडला." ती हळू बोलत होती, पण एकेक शब्द स्पष्ट होता. "चाळीस वर्सं झाली. माह्या घरी चहा थंडा होते, जेवन थंडं होते, आन् हे तुमच्या शेडात. भांडे ठोकाचे सोडून गाड्या ठोकत राह्यले. दोन म्हातारे लेकरावानी खेळत राह्यले. मी म्हटलं, खेळू दे. आता डॉक्टर म्हन्ते, खाली बसून हातोडी चालवनं आता होत नाई."

ताराचंद खाली मान घालून उभे होते. त्यांनी माफी मागितली नाही. मागून काय झालं असतं? दीपमालाला वाटलं, पुढं होऊन या बाईच्या पायांवर डोकं ठेवावं. पण ते आपल्याला बरं वाटावं म्हणून होईल, असंही तिला वाटलं, आणि ती जागची हलली नाही.

"मी इथं बसतो," ताराचंद म्हणाले. "तुमी जवा म्हनसान तवा भेटतो. आज नाई म्हटलं तं उद्या येतो."

ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. पंधरा-वीस मिनिटं गेली. नर्स आली, गेली. राजकुमार कोणाशी तरी फोनवर ऑपरेशनच्या डॉक्टरबद्दल बोलत जिन्याकडे गेला. मग आतून बारीक आवाज आला.

"कोन आहे? ताराचंद आहे काय?"

चंद्रभागाबाईनं पदर सारखा केला. आवाज पुन्हा आला. "ताराचंदचा खोकला आहे तो. येऊ दे ना त्याले."

चंद्रभागाबाई उठली. "पाच मिनटं," ती म्हणाली. "त्याईच्यानं बोलवत नाई."

ताराचंदांनी दीपमालाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आत निघाले. वॉर्डात सगळ्यांसमोर, सुनेच्या खांद्यावर हात. गोमाजी उताणा पडला होता, पायाला वजन बांधलेलं, चेहरा उतरलेला. ताराचंद दाराकडच्या बाजूनं कॉटजवळ जाऊन उभे राहिले आणि मित्राचा चेहरा शोधायला त्यांनी मान वळवायला सुरुवात केली.

"तिकडून नोको," गोमाजी म्हणाला. "खिडकीकडून ये. तिकडून तुले माहं तोंड दिसत नाई."

ताराचंद जागीच थबकले. चंद्रभागाबाईच्या हातात पाण्याचा गिलास होता. तो तसाच राहिला.

"तुमाले माहीत होतं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"सहा महिने झाले." गोमाजीला बोलताना धाप लागत होती. "डॉक्टरकडं जाच्या आधीपासून. काहून माहीत नसन? रोज बाजूले बसतो ना मी. डावीकडचं मी सांगतो, सायकल आली, म्हैस आली, ट्रक आला. तो आयकते आन् चालवते. कोनाले कळत नाई." त्यानं डोळे मिटले. "आज मले निघाले उशीर झाला. घाईनं सायकल मारत येत होतो, का हा एकटा निघू नये म्हनून."

दीपमालाच्या खांद्यावरचा हात जड झाला होता.

चंद्रभागाबाईनं गिलास टेबलावर ठेवला. कोपऱ्यातलं स्टूल उचललं, कॉटला वळसा घातला आणि ते खिडकीच्या बाजूला, नवऱ्याच्या उशाजवळ ठेवलं.

"या," ती ताराचंदांना म्हणाली. "बसा इकडं."